890 बघून माल घेणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून उगवतो आणि दिवाळीच्या तोंडावर त्याला ऊतच येतो. मजकूर साधारण असा: "बारकोडचे पहिले तीन आकडे बघा. 890 असेल तर माल भारतात बनलेला. 690 ते 695 म्हणजे चीनचा, हात लावू नका. 890 नसेल तर माल बनावट. मोबाइलने स्कॅन करा, किंमत आणि एक्स्पायरीही कळेल." हे वाचून गिऱ्हाईक पाकीट उलटं करतं, आकडे वाचतं आणि माल काउंटरवर ठेवून निघून जातं. दुकानदाराची पंचाईत होते. तेव्हा एकेक दावा तपासू.

"890 म्हणजे भारतात बनलेला." चूक. हे आकडे देते जीएस-वन ही आंतरराष्ट्रीय संस्था, आणि 890 हा तिच्या भारतीय शाखेला मिळालेला गट आहे. कंपनीने क्रमांक भारतात घेतला, एवढंच त्यातून कळतं. गाडीच्या पाटीवर केए 22 दिसलं तर ती बेळगावच्या आरटीओत नोंदली आहे हे समजतं. ती बेळगावात बनली असं कुणी म्हणत नाही. इथलाच एखादा व्यापारी चीनहून खेळणी मागवून स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकत असेल, तर त्यावर बिनदिक्कत 890 येईल.

गंमत पुढे आहे. ज्या 8 वर एवढा भरवसा, त्या 8 ला स्वतःच्या रेघाच नसतात! खाली छापलेले आकडे 13, रेघांत उतरवलेले फक्त 12. अमेरिकेत आधी 12 आकड्यांची पद्धत रुळली होती. युरोपला एक आकडा जास्त हवा होता, पण आधीचं गणित मोडायचं नव्हतं. म्हणून डावीकडचे सहा आकडे दोन तऱ्हेच्या रेघांनी काढायचे आणि कोणता आकडा कोणत्या तऱ्हेने काढला, या क्रमावरून पहिला आकडा ओळखायचा, अशी युक्ती झाली. स्कॅनर तो 8 वाचत नाही, ताडतो.

शेवटचा आकडा तर निव्वळ पडताळणीचा. 890123456789 हा नमुना घ्या. विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज 28. सम जागांवरच्यांची 34, तिची तिप्पट 102. एकूण 130. पुढच्या दहाच्या पटीला जायला काही लागत नाही, म्हणून तेरावा आकडा 0. वाचताना एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि काउंटरवर 'टीं' वाजत नाही.

"690 ते 695 चीनचा." तोच घोळ, उलट्या दिशेने. चीनच्या शाखेकडे खरं तर किमान 690 पासून 699 पर्यंतचे गट आहेत. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने आकडेही अर्धेच उचलले.

"890 नसेल तर बनावट." घरातलं एखादं नवं मराठी पुस्तक काढून बघा. बारकोड 978 ने सुरू होतो, कारण तो गट जगभरच्या पुस्तकांसाठी राखलेला आहे. तेही बनावट? किराणा मालावर बारकोड असलाच पाहिजे असा सरसकट नियमही नाही. आपला कुंदा, बेळगावची ही मिठाई, वजनावर तोलून कागदी खोक्यात मिळतो. त्यावर एकही रेघ नसली, म्हणून तो परका होत नाही.

"स्कॅन केलं की किंमत, एक्स्पायरी." बिस्किटाच्या एका प्रकारच्या सगळ्या पुड्यांवर क्रमांक एकच असतो, आज बनलेली असो की चार महिन्यांपूर्वीची. मग तारीख त्यात मावणार कशी? किंमतही त्यात नसते. ती दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते, क्रमांक फक्त तिथली नोंद शोधून देतो. 26 जून 1974 ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात असा बारकोड पहिल्यांदा वापरून रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हाही काम असंच झालं. एक अपवाद आहे: मोठ्या दुकानांत भाजी, मिठाई तोलून जी चिठ्ठी चिकटवतात, तिचा क्रमांक बहुधा 2 ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम भरलेली असू शकते. तो क्रमांक त्या दुकानापुरताच. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढलेल्या क्यूआर कोडमध्ये तारीख, बॅच असं बरंच काही मावतं, पण मेसेज रेघांच्याच कोडबद्दल बोलतो.

माल कुठला हे खरंच जाणायचं असेल, तर ते पाकिटावर लिहिलेलं असतं. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता आणि आयात मालावर मूळ देश छापावा लागतो. अक्षरं बारीक असतात, चष्मा लागतो, ही तक्रार रास्त आहे. आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं, याचीच उत्सुकता असेल तर खाद्यपदार्थावरचा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 आकडी परवाना क्रमांक बघा. परवाना राज्याचा असेल तर दुसरा-तिसरा आकडा राज्याचा असतो: कर्नाटक 12, महाराष्ट्र 15.