बयाणा, वही आणि 1976 चा कायदा

गौरी-गणपती आटोपले की रायगड-पालघरच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीवाल्यांचे मुकादम बयाणा, म्हणजे कामाआधीची उचल, वाटत फिरू लागतात. पावसाळ्याने घरातले दाणे संपवलेले असतात, कुणाचे आजारपण असते, कुणाचे लग्न ठरलेले असते. दिवाळीनंतर पोराबाळांसकट भट्टीवर जायचे, पाऊस येईपर्यंत राबायचे, दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची घ्यायची आणि पाडलेल्या विटांचा हजारी दराने हिशेब शेवटी मालकाच्या वहीवरून मान्य करायचा, असा हा व्यवहार असतो.

गेल्या ज्येष्ठात कर्जत तालुक्यातल्या एका वाडीवर, नुकत्याच परतलेल्या जोडप्याने मला त्यांच्या हिशेबाची चिठ्ठी दाखवली. वहीतून फाडलेल्या त्या चिटोऱ्यावर बयाणा, खर्ची, दवाखाना, गाडीभाडे असे आकडे एकाखाली एक मांडलेले होते आणि तळाशी ‘बाकी’ या शब्दाभोवती दोनदा गोल केलेला होता. विटा किती पाडल्या, तो आकडा मात्र त्यावर कुठेच नव्हता.

वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा अशा चिठ्ठ्यांसाठीच आहे. तो संमत झाला 1976 मध्ये, पण लागू आहे 25 ऑक्टोबर 1975 पासून. वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी सहाव्या कलमाने संपुष्टात येते, आणि असे कर्ज संपल्यावरही त्यापोटी पैसे घेणाऱ्या धनकोला, म्हणजे कर्ज देणाऱ्याला, नवव्या कलमाप्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते पंधरावे कलम, कारण हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते मजुरावर नव्हे, तर धनकोवर टाकते.

प्रत्यक्षात सरकारी कचेरीत पुरावा मागितला जातो तो मजुराकडे. तुला डांबून ठेवले होते का, मारहाण झाली का, मग तू बाजाराला कसा जात होतास, असे प्रश्न विचारले जातात. जणू पायात बेडी दिसल्याखेरीज वेठबिगारी होतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, हा समज खोडून काढला होता. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीसुद्धा राज्यघटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे, असे त्या निकालाने सांगितले. पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या दगडखाणींच्या प्रकरणात न्यायालय म्हणाले की, मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचल दिल्यामुळेच आहे असे गृहीत धरावे. म्हणजे कायद्याच्या अर्थाविषयी संदिग्धता उरलेली नाही, आणि म्हणूनच मला या टाळाटाळीची चीड येते.

ही टाळाटाळ का होते? मजूर वेठबिगारीतून सुटल्याचा, म्हणजे मुक्ततेचा, दाखला अधिकाऱ्याने दिला, की आपल्या हद्दीत वेठबिगारी असल्याचे सरकारदफ्तरी मान्य करावे लागते. त्यापेक्षा ‘मजुरीचा वाद’ असा शेरा मारून प्रकरण मिटवणे सोपे असते. दाखल्याविना मात्र मजुराला पुनर्वसनाचे दार बंदच राहते. दाखला मिळाला तरी तातडीची मदत तेवढी आधी मिळते. 2016 च्या केंद्रीय योजनेतली एक, दोन किंवा तीन लाखांची मुख्य रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे. खटला लांबला, तर त्याचा भार ज्याची मजुरी बुडाली त्यानेच का सोसावा? आणि मालकाला होणारा दंड 1976 साली जास्तीत जास्त दोन हजार रुपये होता, तो आजही तेवढाच आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस सावकाराचा ‘लग्नगडी’ होऊन वर्षानुवर्षे राबत असे. त्या प्रथेविरुद्ध वारली 1945 मध्ये उठले, तेव्हा असा कोणताही कायदा त्यांच्या पाठीशी नव्हता. पुढे कायदा आल्यावर वसई भागात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने त्याचाच आधार घेऊन वेठबिगार सोडवले. कलमे तीच होती. ती लावायला अधिकाऱ्यांना भाग पाडणारे कुणीतरी उभे राहिले होते, एवढाच फरक.

त्या जोडप्याला मी सहावे कलम वाचून दाखवले. नवऱ्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बाकी आहे म्हणून दिवाळीनंतर पुन्हा त्याच भट्टीवर जायचे, हे त्यांचे ठरलेलेच होते. बायकोने मात्र शांतपणे विचारले, “ताई, हे सायेब आम्हाला लिहून देतील का?”