राखणदाराला रोट, डोंगराला गिऱ्हाईक

गोव्यात श्रद्धा आहे, तर ती दिसली पाहिजे. म्हणून आधी गाडीच्या मागच्या काचेवर ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ असं देवीचं नाव लिहून घ्या. प्रसन्न आहे की नाही, हे तिला विचारत बसू नका.

श्रावण कडक पाळा. गणपती विसर्जनानंतर ताजी इसवण मासळी कुठे मिळेल, याची चौकशी पहिल्या सोमवारपासून करायला हरकत नाही. देवळाचे वंशपरंपरागत महाजन असाल तर पालखीच्या मानाचा वाद कोर्टात न्या. 1933 चा महाजनी कायदा आहेच, नातवंडांपर्यंत पुरेल.

खरी भक्ती मात्र जमिनीपाशी कळते. शेताच्या मेरेवरच्या, म्हणजे बांधावरच्या, राखणदार देवाला वर्षाचा रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, चुकवू नका. सोरो (दारू), विडी सगळं ठेवा. ‘बाबा, जागा सांभाळ’ म्हणून गाऱ्हाणं घाला आणि त्याच आठवड्यात दिल्लीच्या पार्टीला जागा दाखवा. नगरनियोजन कायद्याच्या कलम 39-अ खाली जमिनीचा झोन बदलून मिळतो का तेही बघा. राखणदाराला ऑर्चर्ड (बागायत) आणि सेटलमेंट (वस्ती) यांतलं काही कळत नाही. बिल्डर भला निघाला तर गेटच्या आत टाइल्सची घुमटी बांधून देईल. पुढच्या वर्षी रोट द्यायला जाल तेव्हा वॉचमनच्या वहीत नाव, नंबर आणि ‘कोणाकडे’ हे लिहावं लागेल, एवढंच.

चतुर्थीला गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी अस्सल हवी. त्यातली कवंडळं, कांगण्या मागच्या डोंगरावर फुकट मिळायच्या, तिथे आता स्विमिंग पूल आहे. बाजारात सत्तरी तालुक्यातल्या बायका घेऊन बसतात. त्यांच्याशी घासाघीस करा. आपली संस्कृती महाग होत चालली आहे, हेही त्यांनाच ऐकवा.

सत्तरीतच बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. देवाची म्हणून तिच्यावर कुऱ्हाड चालली नाही, दलदलीतली रानजायफळं अजून उभी आहेत. असल्या भक्तीच्या नादी लागू नका. देणगीदारांच्या नावांची फरशी बसवायला तिथे भिंतसुद्धा नाही.

सभेत बोलायची वेळ आली तर 16 व्या शतकात जा. पोर्तुगीजांच्या भीतीने कुशस्थळीचा मंगेश देव नदीपलीकडे प्रियोळला कसा नेला, ते गहिवरून सांगा. पूर्वजांनी जमिनी सोडल्या, देव सोडला नाही. आपणही तेच करतो. त्यांना फक्त भाव मिळाला नव्हता.

आणि सौदा अडलाच तर मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला कौल लावा. उजवी पाकळी पडली की देवाची संमती. डावी पडली तर भटजींना सांगा, पाकळी नीट चिकटली नव्हती, परत लावा.