टायपिंगचा बोलण्याला उपयोग होतो का? : तासगावच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

व्हॉट्सॲपवर इंग्रजीचा सराव कसा घ्यावा, या लेखाखाली आपण लिहिलंत : "टाइप करून कुणी बोलायला शिकत नाही. उलट पोरांचं स्पेलिंग बिघडतं. साठ पोरांच्या ग्रुपवर चार हुशार बोलतात, बाकीची नुसते अंगठे टाकतात." यातला शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तिथूनच सुरुवात करतो.

साठ जणांच्या ग्रुपवर "डिस्कस युवर फेव्हरिट फेस्टिव्हल" असं टाकलं की अंगठेच येणार. बोलल्यावाचून कुणाचं काही अडत नसतं. म्हणून चारचार जणांचे ग्रुप करा आणि प्रत्येकाला माहितीचा वेगळा तुकडा वैयक्तिक मेसेजने द्या. समजा, तासगावहून सज्जनगडाची सहल ठरवायची आहे. एकाकडे एसटीच्या वेळा, दुसरीकडे खर्चाची मर्यादा, तिसऱ्याकडे गडावर किती वेळ लागेल ते, चौथीकडे घरी परतायची वेळ. वीस मिनिटांत निघायची वेळ ठरवायची. मग "बस इज अ‍ॅट सिक्स" वर "व्हिच सिक्स? मॉर्निंग?" असं आपोआप येतं. अर्थ पक्का करून घेण्याची ही देवाणघेवाण झाली की भाषा पुढे सरकते. पाचाच्या वर मुलं घेऊ नका. प्रश्न वर राहतो, उत्तर चार मेसेज खाली येतं आणि धागा तुटतो.

आता बोलण्याचं. पेन आणि व्हिटनी या संशोधकांनी 2002 मध्ये अमेरिकेत स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचे आठवड्यातले चारपैकी दोन तास चॅटवर होते, आणि बोलण्याच्या चाचणीत त्याच गटाची प्रगती जास्त दिसली. थेट चॅटमध्ये वाक्य मनात जुळवायचं काम बोलण्यासारखंच असतं, फक्त घाई कमी असते आणि समोरच्याचं वाक्य स्क्रीनवर टिकून राहतं. उच्चार मात्र चॅटने सुधारत नाहीत, तिथे आपलं म्हणणं खरं आहे. त्यासाठी चर्चा संपल्यावर प्रत्येकाकडून मिनिटभराची व्हॉइस नोट घ्या. हातात फक्त तीन शब्दांचं टिपण. पूर्ण लिहून दिलंत तर वाचून दाखवतात, आणि ते सपाट, न अडखळता आलेल्या आवाजावरून लगेच कळतं. तोच मजकूर दुसऱ्यांदा पाऊण मिनिटात सांगायला लावा.

स्पेलिंगचं म्हणाल तर चॅटमध्ये मुलांचा सहभाग वाढतो, पण अचूकता घसरते, हे कर्न या संशोधकाच्या 1995 च्या, फ्रेंच शिकणाऱ्यांवरच्या अभ्यासातही दिसलं होतं. चर्चा चालू असताना चुका काढत बसू नका, पोरं गप्प होतात. चर्चा संपली की चॅट एक्स्पोर्ट करा, मीडिया वगळून, आणि पाचसहा वाक्यं नावं काढून दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा. "आय डिडन्ट वेन्ट" हमखास सापडेल. 'अ' आणि 'द' गाळलेली वाक्यं तर ढिगाने, कारण मराठीत आर्टिकलच नाही. दुरुस्ती मुलांकडूनच करून घ्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑटो-करेक्शन आणि शब्दसूचना बंद ठेवायला सांगा, नाहीतर स्पेलिंग कीबोर्डचं आणि गुण पोराचे! मधेच एखादं निर्दोष, लांबलचक वाक्य आलं तर ते भाषांतर ॲपमधून आलंय असं धरा आणि लगेच त्यावरच प्रश्न विचारा.

आपण न काढलेला, पण पालक हमखास काढतील असा एक मुद्दा : ग्रुपमध्ये मुलींचे, बहुतेकदा आईवडिलांचे, नंबर सगळ्यांना दिसतात. आधी लेखी संमती घ्या, स्वतः ॲडमिन राहा आणि वेळ संपली की मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील अशी सेटिंग करा. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी येतो, म्हणून चर्चा साडेसातनंतर ठेवलेली बरी. ज्यांना तीही वेळ जमत नाही त्यांच्याकडून सकाळपर्यंत व्हॉइस नोट चालेल.

साठ मुलांचे पंधरा ग्रुप एका माणसाने एका रात्रीत वाचायचे म्हटलं तर आठवड्यात प्रयोग बंद पडेल. रोज तीनच ग्रुप चालवा, पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो.