एकशेचाळीस कोटी राहू द्यात, पोरगं वर्षाला मॅचेस किती खेळतं ते सांगा

१३ ऑक्टोबर २०२५ ला केप व्हर्दे हा देश फुटबॉलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरला. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातली दहा बेटं, लोकसंख्या पाचेक लाख. म्हणजे आपल्या बेळगाव शहराएवढी. दुसऱ्याच दिवशी आपल्या शेजारी, मडगावात फातोर्ड्याच्या मैदानावर, भारत सिंगापूरकडून २-१ हरला आणि २०२७ चा एशियन कपही हातचा गेला. झालं! व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न आलाच: १४० कोटींतून अकरा पोरं मिळत नाहीत काय गा?

या प्रश्नाचा मला कंटाळा आलाय. १४० कोटी मोजायला बरे, त्यातली मैदानात उतरणारी किती? केप व्हर्देचे बरेच खेळाडू युरोपात जन्मलेले, हे कबूल. खरं ती पोरं तिथं लहानपणापासून लीग खेळत मोठी झाली, आणि माझं म्हणणं तेच आहे.

आमच्याकडं वेड कमी नाही. बेळगावच्या कॅम्पात मिशनच्या शाळा आणि लष्कर, त्यामुळं फुटबॉल जुना. चोर्ला घाट उतरला की गोवा. निपाणी ओलांडली की कोल्हापूर, तिथं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडले की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते. (हुल्लडबाजीही होते, तिचं कौतुक नको.) २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. बेळगावच्या पोराला गोवा, कोल्हापूर जवळ, खरं राज्याच्या निवडीला रात्रभर बसून बेंगळूर गाठायचं. सीमाप्रश्न कॉमेंटमध्ये काढू नका, विषय तो नव्हे.

आमच्या टुर्नामेंटा बघा. सगळ्या नॉकआऊट. खानापूर, येळ्ळूरकडून पोरं सकाळी टेम्पोनं येतात, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, हरली की डबा खाऊन घरी. पुढची टुर्नामेंट येईस्तोवर नुसती प्रॅक्टिस. स्टेजवर मात्र शाली, श्रीफळ, आमदारकीचे चार इच्छुक आणि पोराच्या उंचीचा चषक. ज्या फॉरवर्डनं आज चकवलं, त्यालाच महिन्याभरानं परत अडवायला मिळालं तर डिफेंडर तयार होतो. ती संधीच नाही.

वरती दिल्लीत, देशाचा फुटबॉल चालवणाऱ्यांचंही तेच. २०१४ ला आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली, नट्यांची नाचगाणी झाली, परदेशी खेळाडू आले. २०२५ ला कराराचा घोळ झाला आणि हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. जोत्याआधी माळा बांधला की असंच व्हायचं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचा चौथा नंबर किती दिवस सांगायचा? तेव्हा युरोपचे व्यावसायिक खेळाडू ऑलिम्पिकला येतही नव्हते.

मला पाहिजे ते फार मोठं नाही. तालुक्यात चौदा वर्षांखालचे आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा सामना, म्हणजे पोराला एका हंगामात १४ मॅचेस. पावसाळा सोडून दर रविवारी. खर्च कसला? मैदान आखायला फक्की, दोन बरे बॉल, रेफ्रीचं मानधन आणि टेम्पोचं भाडं. मांडव नको, डॉल्बी नको, फ्लेक्स तर नकोच नको.

त्यामुळं आता टुर्नामेंटचं पावतीपुस्तक घेऊन कुणी दारात आलं की मी एवढंच विचारणार आहे: पहिली मॅच हरलेल्या टीमची दुसरी मॅच कधी? उत्तर असलं तर वर्गणी न्या, नसलं तर चहा घेऊन जावा.