‘अंडरस्टँडिंग’ला ‘ए’ लागतो, मग ‘हेल्थ’ला का नाही?

माझा इंग्रजी अहवाल आज मुख्य ऑफिसातून परत आला. बावीस पानं, त्यातल्या एकोणीस पानांवर लाल खुणा. बंधाऱ्यांची मापं, विहिरींची पाणीपातळी, खर्चाचे आकडे यांवर एक शब्द नाही. ते सगळं बरोबर आहे, कारण विहिरींत टेप मी स्वतः सोडलाय, भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात. लाल आहे ते सगळं ‘ए’ आणि ‘द’. इथे घाला, तिथून काढा, हा ‘द’ नको, तो ‘द’ कुठे गेला. आणि शेवटी एक ओळ: भाषा कच्ची आहे, पुन्हा पाहून द्या.

चौदा वर्षं मी मराठवाड्यात पाणलोटाचं काम करतेय आणि चौदा वर्षं हे ऐकतेय. आज डोकं फिरलंय.

मागच्या अहवालात मी लिहिलं होतं की इथल्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीची खोल समज आहे. ‘डीप अंडरस्टँडिंग’च्या आधी लाल ‘ए’ घालून कागद परत आला. ठीक आहे, चूक मान्य, लक्षात ठेवलं. या वेळी ‘ए डीप अंडरस्टँडिंग’ असंच लिहिलं. ते राहिलं. मग त्याच हिशोबाने गावातल्या बायकांची तब्येत चांगली आहे हे सांगताना ‘इन ए गुड हेल्थ’ लिहिलं. ‘ए’ कापला. कामाने वेग घेतलाय हे सांगताना ‘मेड ए गुड प्रोग्रेस’ लिहिलं. कापला. ‘ए यूसफुल ॲडव्हाइस’ लिहिलं. तोही कापला.

आता मला कोणीतरी सांगा, फरक काय आहे? समज, तब्येत, प्रगती, सल्ला. चौघांनाही इंग्रजीत मोजता येत नाही. चौघांच्याही आधी विशेषण आहे. एकाला ‘ए’ लावला नाही म्हणून मी चुकले आणि तिघांना लावला म्हणून चुकले!

शाळेत काय शिकवलं होतं, ते मला आजही तोंडपाठ आहे. इंग्रजी पाचवीपासून. स्वर आला की ‘ॲन’, व्यंजन आलं की ‘ए’. मग अपवाद: ‘अवर’ला ‘ॲन’, ‘युनिव्हर्सिटी’ला ‘ए’, कारण अक्षर नव्हे, उच्चार बघायचा. पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी हेच. ‘ए’ की ‘ॲन’ हा जगातला सर्वांत मोठा प्रश्न असल्यासारखं घोटून घेतलं. अहो, तो प्रश्नच नाही! त्यात माझी आजवर एकही चूक निघालेली नाही. खरा प्रश्न आहे ‘ए’, ‘द’, की काहीच नाही. आणि ‘काहीच नाही’ हे उत्तर असू शकतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. परीक्षेत गाळलेल्या जागा भरा असायचं. गाळलेली जागा दिसली की तिथे काहीतरी भरायचंच, रिकामी सोडली तर अर्धा गुण गेला. सहा वर्षं हात असा वळवून ठेवला आणि आता चाळिशीत सांगतात की इथे जागा रिकामी सोडायची होती.

भाववाचक नामांबद्दल एकच ओळ शिकवली: मोजता येत नाहीत, म्हणून अनेकवचन नाही, म्हणून ‘ए’ नाही. किती साधं, किती पक्कं वाटायचं! आणि धडधडीत अर्धवट. ‘ए गुड एज्युकेशन’ म्हणतात की नाही? ‘ए डीप डिस्ट्रस्ट’, ‘ए ग्रेट हेल्प’, ‘ए गुड नॉलेज ऑफ इंग्लिश’? यातलं काय मोजता येतं?

‘नेचर’ घ्या. निसर्ग म्हणायचं असेल तर ‘नेचर’ नुसतं, ‘द नेचर इज ब्युटिफुल’ लिहिलं की हसतात. पण पर्यावरण म्हणायचं असेल तर ‘द एन्व्हायर्नमेंट’, तिथे ‘द’ नसला तर लाल. निसर्ग उघडा आणि पर्यावरणाला टोपी, असं का? आणि जमिनीचा स्वभाव म्हणायचा असेल तर ‘द नेचर ऑफ द सॉइल’, तोच शब्द, आता ‘द’ हवा. समाज नुसता ‘सोसायटी’, पण गावसमाज म्हणायला गेलं तर ‘द कम्युनिटी’. माझं सगळं काम या शब्दांतच चालतं. पाऊस, दुष्काळ, निसर्ग, लोकसहभाग, जागरूकता. टेबल आणि खुर्चीबद्दल लिहायचं असतं तर मी एकदाही चुकले नसते.

पावसाचं तर विचारूच नका. पाऊस कमी झाला: ‘रेनफॉल वॉज लो’, काही नाही. वर्षाला 650 मिलीमीटर पाऊस पडतो: ‘ॲन ॲन्युअल रेनफॉल ऑफ 650 मिलीमीटर्स’, आता ‘ॲन’ आला. 2018 चा पाऊस: ‘द रेनफॉल इन 2018’. दुष्काळ नेहमीचा आहे: ‘ड्रॉट’. एखादा दुष्काळ पडला: ‘ए ड्रॉट’. 1972 चा दुष्काळ, ज्यातून रोजगार हमी उभी राहिली, तो ‘द ड्रॉट ऑफ 1972’. मराठीत पाऊस तो पाऊस आणि दुष्काळ तो दुष्काळ. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटलं की माझ्या गावात कोणी विचारत नाही की कुठला दुष्काळ, ठरावीक की कुठलाही.

सर्वांत जास्त राग कशाचा येतो सांगू? हे समजावून देता आलं असतं. आपल्याच भाषेतून. आपण म्हणतो ना, घरात एक वेगळीच शांतता होती. त्याच्या बोलण्यात एक प्रकारची कळकळ आहे. शांतता आणि कळकळ कुठे मोजता येतात? तरी आपण ‘एक’ लावतो, कारण ती कुठलीही शांतता नव्हे, त्या दिवशीची, त्या घरातली, वेगळी अशी शांतता. इंग्रजीचा ‘ए’ बऱ्याचदा नेमकं हेच करतो: ‘ए स्ट्रेंज सायलेन्स’. एका तासात, दहा मराठी वाक्यं फळ्यावर लिहून, आमच्या बाईंना हे सांगता आलं असतं. मला हे स्वतःहून सुचायला वयाची अडतीस वर्षं जावी लागली. आणि पुढे हेही सांगायला हवं होतं की ‘हेल्थ’, ‘प्रोग्रेस’, ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘वेदर’ हे शब्द कितीही विशेषणं लावली तरी ‘ए’ घेत नाहीत, त्याला कारण शोधू नका, पाठ करा. मी पाठ केलं असतं! पाढे पाठ केले, नद्यांची नावं पाठ केली, हेही केलं असतं.

शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत ‘नॉलेज’पुढे छापलेलं असतं: मोजता येत नाही, पण एकवचनी वापर होतो, म्हणजे ‘ए’ चालतो. ‘हेल्थ’पुढे फक्त मोजता येत नाही. एवढी खूण, एवढीच! ती कशी वाचायची हे कुठल्या वर्गात शिकवतात? आमच्याकडे होता तो इंग्रजी-मराठी कोश, त्यात नॉलेज म्हणजे ज्ञान, हेल्थ म्हणजे आरोग्य, विषय संपला.

लाल खुणा करणारी मुलगी मुख्य ऑफिसात असते. पंचविशीतली, इंग्रजी शाळेत शिकलेली, स्वभावाने चांगली. मी फोन करून विचारलं, इथे ‘ए’ का आणि तिथे का नाही. म्हणाली, “ताई, नियम मला पण नाही माहीत, पण कानाला खटकतं ना.”

कानाला खटकतं. म्हणजे माझं काम कोणाच्या तरी कानावर तोललं जातंय, जो कान लहानपणी घरात आणि शाळेत फुकट मिळाला, आणि जो मला कुठे विकतही मिळत नाही. तीच मुलगी गेल्या वर्षी गावात आली होती. बायकांशी मराठीत बोलताना ‘ते विहीर’, ‘तुमचा शेती’ म्हणत होती. कोणी हसलं नाही, कोणी तिला थांबवलं नाही. तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं, चहा दिला, विहिरीपर्यंत सोबत नेऊन दाखवली. तिच्या मराठीला कच्ची म्हणायची कोणाला गरज वाटली नाही. माझं ‘द नेचर’ वाचून मात्र कोणालाच कळलं नाही का मी कशाबद्दल बोलतेय? कळलं. सगळं कळलं. तरी बंधाऱ्याबद्दल चर्चा नाही, गाळ किती काढला त्याबद्दल प्रश्न नाही, चर्चा फक्त ‘द’ची.

आणि ऐका. पान 6 वर मी ‘अवेअरनेस’ नुसता लिहिला होता, तिथे ‘ए ग्रोइंग अवेअरनेस’ करून दिलंय. पान 17 वर मी मागचं आठवून ‘ए ग्रेटर अवेअरनेस’ लिहिलं, तर तिथला ‘ए’ कापलाय. तोच शब्द, तीच लाल शाई, अकरा पानांचं अंतर. कान सकाळी एक ऐकतो आणि जेवणानंतर दुसरं?

उद्या 11 वाजेपर्यंत दुरुस्त प्रत मागितली आहे. मी दुरुस्ती केलेली नाही. निळं पेन घेऊन प्रत्येक लाल खुणेशेजारी ‘का?’ एवढंच लिहिलंय. पान 1 पासून पान 22 पर्यंत. विहिरींच्या तक्त्याखाली मोकळी जागा होती, तिथे मात्र मराठीत लिहिलं: पाणी दीड मीटरने वर आलंय, हे वाचलंत का?