लेखी उत्तराखाली मंत्र्याचे नाव असते

अधिवेशन जवळ आले की गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: आमदारांचे लेखी प्रश्न म्हणजे कागदाची नासाडी. तीच माहिती आरटीआयखाली १० रुपयांत मिळते. मंत्री ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढेच लिहून मोकळे होतात. ४० जणांच्या सभागृहात विरोधक मूठभर, त्यांनी विचारून होणार काय? आणि शेवटी: ‘काम करणारा आमदार हवा, प्रश्न विचारणारा नको.’ शिकलीसवरलेली माणसे हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आधी आरटीआयचे. शुल्क १० रुपये आणि मुदत ३० दिवस, हे खरे. पण तिथे उत्तर देतो तो खात्याचा माहिती अधिकारी, आणि तो दप्तरात असेल तेवढेच देतो. ‘असे का केले?’ हे त्याला विचारता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेच २००८ साली सांगितले की ‘का’चे स्पष्टीकरण कायद्यातल्या ‘माहिती’त मोडत नाही. आमदार मात्र नेमके तेच विचारू शकतो, आणि त्याला उत्तर द्यावे लागते मंत्र्याला. संविधानाच्या १६४व्या कलमानुसार मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे. सभागृहाला जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर हक्कभंगाचा प्रस्ताव येऊ शकतो. जमिनीसाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांना विचारा. ते आधी विधानसभेतले उत्तर शोधतात, त्यातून सर्वे नंबर मिळाला की मग त्या फाइलसाठी आरटीआय टाकतात. दोन्ही हत्यारे लागतात.

जमिनीचाच विषय निघाला आहे तर थोडे थांबतो. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली शेती-बागायतीचे तुकडे वसाहत विभागात, म्हणजे बांधकाम करता येणाऱ्या झोनमध्ये, जाऊ लागले. राजपत्रातल्या अधिसूचना एकेक करून निघत होत्या, त्या रोज वाचणार कोण? गाव कोणता, सर्वे नंबर कोणता, किती चौरस मीटर, अर्जदार कोण, अशी सगळी यादी एका जागी मागायची तर अतारांकित प्रश्नाइतकी सोपी वाट नाही. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर असते, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, पण तासाभरात थोडेच प्रश्न चर्चेला येतात. अतारांकिताचे उत्तर लेखी येते आणि सोबत जोडपत्र येते. खरा ऐवज त्या जोडपत्रात असतो. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने या कलमाखालचे नियम रद्द केले. ती लढाई याचिकाकर्त्यांची, हे मान्यच. पण झोन बदल हा एखाद्या गावाचा नव्हे तर सगळ्या गोव्याचा प्रश्न आहे, हे लोकांना दिसते ते अशा याद्यांमधूनच.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ ही तक्रार रास्त आहे. मलाही या उत्तराचा संताप येतो. पण त्यावरचा उपाय प्रश्न बंद करणे हा नाही. मंत्र्याने ‘तपासून पाहू’, ‘कारवाई करू’ असे सभागृहात सांगितले की ते आश्वासन ठरते, आणि त्याचा पाठपुरावा करायला विधानसभेची आश्वासन समिती आहे. त्या समितीपुढे किती आश्वासने पडून आहेत हे आपण आमदाराला कधी विचारतो का? काही आमदार ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांचा तपशील’ असे अघळपघळ मागतात आणि कारकुनांना रात्री जागवतात, हेही खरे. एक खाते, एक वर्ष, एक गाव असे नेमके विचारले तर उत्तर टाळणे कठीण जाते.

विरोधकांची संख्या सप्टेंबर २०२२मध्ये ११ पैकी ८ काँग्रेस आमदार भाजपमध्ये गेल्यावर ७ वर आली. पण प्रश्नाला बहुमत लागत नाही. ठराव पडतो, दुरुस्ती फेटाळली जाते, प्रश्न मात्र एकट्यानेही विचारता येतो. आणि तो विरोधकानेच विचारावा असेही नाही. १९५७ साली लोकसभेत उद्योगपती हरिदास मुंदडा यांचे प्रकरण लावून धरणारे फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार होते. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या कंपन्यांच्या घेतलेल्या शेअरांबद्दलच्या प्रश्नातून सुरू झालेले ते प्रकरण चौकशी आयोगापर्यंत गेले आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला.

राहिला ‘काम करणारा आमदार’. आमच्या वाड्यावर एक साकव आहे. एका लेखी उत्तराच्या जोडपत्रात त्याच्या दुरुस्तीसमोर ‘काम पूर्ण’ असे छापले होते. प्रत्यक्षात कठडा तुटलेला आणि पावसात शाळेची मुले एकमेकांचा हात धरून पलीकडे जात. रविवारच्या ग्रामसभेत एका शिक्षिकेने ते पान मोठ्याने वाचून दाखवले. आजवर आम्ही तोंडी तक्रारी करत होतो, तेव्हा ‘बघू’ हे एकच उत्तर मिळे. या वेळी पान हातात होते आणि त्यावर मंत्र्याचे नाव होते. पुढच्याच आठवड्यात कनिष्ठ अभियंता टेप घेऊन साकवावर उभा होता.