‘असू दे’चं वजन

लांब पल्ल्याच्या पायी भटकंतीची तयारी बुटांपासून सुरू होते, असं अनुभवी मंडळी सांगतात. मी म्हणतो, ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यापासून सुरू होते. सॅकमध्ये जाणारी एकूण एक वस्तू त्यावर ठेवायची आणि ग्रॅम वहीत लिहायचे. चमचा, मोजे, टॉर्च, टूथब्रश, सगळं. रिकामी सॅकसुद्धा मोजायची. ती एकटीच दीड-दोन किलोची निघते, म्हणजे काही भरायच्या आधीच उधारी सुरू. ज्या काट्यावर मैदा मोजतात त्यावर तंबूच्या मातकट खुंट्या ठेवल्याबद्दल घरात जे ऐकून घ्यावं लागतं, ते मात्र वहीत धरत नाहीत.

हिशेब असा. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावी. ७० किलोच्या माणसाला १४ किलो. ऐकायला भरपूर! त्यातून दोन लिटर पाण्याचे २ किलो गेले. पाच दिवसांचा कोरडा शिधा, रोज ७०० ग्रॅम धरला तर साडेतीन किलो. शेगडी, भांडं आणि गॅसची डबी मिळून एक किलो. सॅक, तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट यांचे साडेपाच. उरले २ किलो. त्यात कपडे, रेनकोट, औषधं, पॉवर बँक. इथवर कुणाचंच गणित चुकत नाही. चुकतं ते पुढे, ‘असू दे’पाशी.

दुसरा टॉवेल? असू दे. जाडजूड पुस्तक? संध्याकाळी वाचू, असू दे. नऊ हत्यारांचा चाकू, ज्याच्यातलं एक हत्यार नेमकं कशासाठी आहे हे कुणालाच सांगता येत नाही? असू दे. यातली एकही वस्तू ३०० ग्रॅमच्या वर जात नाही, आणि दहा ‘असू दे’ मिळून ३ किलोपर्यंत जातात. जीन्स तर ‘असू दे’ची महाराणी. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि थंडीत ओलं अंगावर राहिलं की अंगातली ऊब ओढून घेतं. मोजे तीन जोड पुरतात. दोन चालायला आलटूनपालटून, तिसरा फक्त झोपताना. हा तिसरा जोड कितीही मोह झाला तरी दिवसा पायात चढवायचा नाही.

एमा गेटवूड नावाच्या अमेरिकन आजीबाईंनी १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अ‍ॅपलाचियन ट्रेलची तीन हजारांहून जास्त किलोमीटरची वाट एकटीने पार केली. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पांघरायला घोंगडी आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. हे कळल्यावर आपल्या नऊ हत्यारांच्या चाकूकडे बघवत नाही. तरीही पडदा काढून घेऊन निघू नका. आजीबाईंचा जन्म शेतात राबण्यात गेला होता, आपला लिफ्टची वाट बघण्यात.

सॅकचं माप माणसाच्या उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरतं. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका वर येतो, तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत मोजायचं. पाठीवर घेताना कमरपट्टा आधी, तोही पोटावर नाही, हाडांवर. मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. बरेच जण उलट क्रमाने करतात आणि सगळा भार खांद्यांवर टांगून घेतात. भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा आणि पाणी मध्यभागी पाठीला चिकटून. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो, आणि फोटोत काहीतरी हरवलेलं शोधतोय असा दिसतो. रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने झिरपतं. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरायचं. हे एकच ‘असू दे’ मला मान्य आहे.

स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तापमानाचे आकडे असतात, त्यातले दोन बघायचे, कम्फर्ट आणि लिमिट. दुकानात सगळे लिमिटच्या आकड्यावर भाळतात. तो मुटकुळं करून कशीबशी रात्र काढणाऱ्याचा आकडा. कम्फर्टचाच धरावा. आणि मॅटचं वजन वाचवायला जाऊ नये, कारण अंगाखाली दबलेलं बॅगचं भरण ऊब देत नाही. थंडी जमिनीतून वर येते.

बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय सुजून थोडे मोठे झालेले असतात. चालायचे मोजे घालूनच मापून बघावेत. पुढे बोटभर जागा नसेल तर उतारावर अंगठा टोकाला आपटत राहतो आणि नख काळं पडतं.

सरावाला निदान सहा आठवडे हवेत, आणि तोही भरल्या सॅकनिशी. जिने चढताना धाप लागते म्हणून सगळे चढाचाच सराव करतात. दुसऱ्या दिवशी संडासला बसता-उठता येत नाही, ते मात्र उतारामुळे. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जाता जाता ब्रेकचं काम करतात, त्याची त्यांना सवय नसते. म्हणून उतरायचाही सराव हवा. सुरुवातीला गुडघे कुरकुरत असतील तर सॅकमध्ये वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा आणि वर पोचल्यावर ओतून द्या. शेजारी विचारतील. त्यांना काहीही सांगितलं तरी पटणार नाही.

निघायच्या आदल्या रात्री शेवटची मोजणी. माणसं तोलायच्या काट्यावर सॅकसकट उभं राहायचं, मग सॅकशिवाय, आणि वजाबाकी करायची. १४.३ आली तर पुस्तक बाहेर. १४.१ आली तर चाकू बाहेर. १३.९ आली की झोपायचं.

सकाळी दारात बूट बांधायला वाकावं, तेवढ्यात मागून सॅकची चेन उघडल्याचा आवाज येतो, आत काहीतरी जड कोंबलं जातं आणि विचारायच्या आधीच उत्तर येतं, “असू दे!”